बारकं बी

नूकमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर
नाउया उलगडते कोपनहेगनहून आलेला आराखडा.
सदतिसाव्या पानावर एक बी आहे,
थोरलं.
तिथं बारकं हवं होतं.

बारकं बी म्हणजे बिट, थोरलं म्हणजे बाईट.
आठ बारकी मिळून एक थोरलं.
टाइप करताना बोट शिफ्टवर जरा रेंगाळलं असेल
कुणाचं तरी, शुक्रवारी, चहानंतर,
आणि ते बी पेरलं गेलं पुढच्या बावीस तक्त्यांत.
कागदावर पीक आलं आठपट.

केल्ड म्हणतो, एका अक्षराचा तर फरक.
नाउया काही बोलत नाही.
ती पेन्सिल घेते. कॅल्क्युलेटर आहे, पण हे ती हातानंच करते,
आजीनं कातडं शिवताना टाके मोजावेत तसं.

वस्तीच्या दवाखान्यातून निघणारा एक एक्स-रे:
चाळीस मेगाबाईट.
वस्तीला मिळालेली उपग्रहाची वाट:
सेकंदाला दोन मेगाबिट.
आराखडा म्हणतो, चाळीस भागिले दोन,
वीस सेकंद. झालं.

आठ चोक बत्तीस, वर शून्य.
तीनशे वीस.
पण थांब, फाइलवाले एक हजार चोवीसनं मोजतात
आणि वाटवाले नुसत्या हजारानं;
दोघांचा शेर वेगळा, पायली वेगळी,
दोघंही म्हणतात आमच्या मापात पाप नाही.
तर तीनशे पस्तीस, आणि अर्धा.
शिवाय वाटेचा दहावा हिस्सा
पाकिटांवर पत्ते लिहिण्यातच जातो.
हातचा घेतला, हातचा दिला,
उत्तर खाली उतरलं:
तीन मिनिटं, वर सहा सेकंद.

एवढ्याशा आकड्यानं काय होतंय?
तिलाही क्षणभर तसंच वाटतं.
फोन लावते.

पिटाराक् दवाखान्यात एकटाच असतो,
नर्सही तोच, हीटर दुरुस्त करणाराही तोच.
एक फोटो जायला किती वेळ लागतो रे?
तो म्हणतो, किटली उकळते, कॉफी होते,
कप धुऊन होतो, मग जातो.
मध्येच कुणी शाळेत व्हिडिओ लावला
तर दुसरी किटली.

आणि बोटीनं हॉस्पिटल?
दोन झोपा, तो म्हणतो.
इकडं अंतर असंच मोजत आले,
वाटेत किती वेळा झोपावं लागतं त्यावरून.
हवा बिघडली तर चार.
बर्फ आलं तर मोजायचंच नाही.

नाउयाच्या सॉफ्टवेअरमध्ये एककांची लांब यादी आहे,
किलो, मेगा, गिगा, टेरा, एक्झा,
वर-खाली करून बघितली तिनं:
झोप नाही त्यात.
किटलीही नाही.

शेवटी तिनं शेरा लिहिला, डेनिशमध्ये, सरळ:
पान सदतीस, ओळ सहा, एकक चुकलं आहे.
वीस सेकंद हवेच असतील
तर दोन नव्हे, किमान एकोणीस मेगाबिट घ्या.
पैसे वाढतील, हे मला माहीत आहे.
मग "मला माहीत आहे" खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

फोन अजून चालूच होता.
पलीकडं स्टुलावर दोर्थेआ बसलेली,
ब्याऐंशी वर्षांची, कोट न काढता.
पडद्यावर निळी पट्टी एकसष्टवर अडकलेली.

माझं फुफ्फुस पोचलं का रे?
अर्ध्याहून जास्त पोचलं, पिटाराक् म्हणाला.
कुठलं अर्धं?
वरचं.

बरं, ती म्हणाली,
मग खालच्यानं तोवर श्वास घेते.
आणि कप पुढं केला.