तरफ

हरिपूरच्या रिकाम्या पेवात
आधी कंदील सोडायचा दोरानं.
विझला तर हवा वाईट, उतरायचं नाही,
असं हळदीचे जुने हमाल सांगायचे.
आमचा विझला नाही.
म्हणून मग माईक सोडला.

नावही 'पेव'च ठेवलं.
त्रिशला म्हणाली, पुण्यात बँडांचं पेव फुटलंय,
आपण न फुटलेलं.

इर्शाद शिकलगारनं मिरजेच्या दुकानात
आजोबांची नजर चुकवून
गिटारीला तरफेच्या अकरा तारा बसवल्या.
न छेडता वाजायच्या त्या,
कुणी शिंकलं तरी.
पायगोंडा कुपवाडच्या फाउंड्रीतून यायचा, सेकंड शिफ्ट करून.
ड्रमवर बसला की केसांतून
काळी वाळू सांडायची.
मी बेसवर. माझ्याबद्दल एवढं पुरे.

गॅदरिंगला एकोणिसाव्या मिनिटाला
सरांनी मेन स्विच ओढला.
गाणं तेवीस मिनिटांचं होतं.
ती चार मिनिटं
आम्ही एकमेकांना अजून देणं लागतो.

तीनशे सीड्या काढल्या.
कव्हरला खरी हळद चोळलेली,
घेणाऱ्याची बोटं दोन दिवस पिवळी.
एक्केचाळीस खपल्या,
त्यातल्या सहा पायगोंडाच्या फोरमननं घेतल्या
आणि एकही ऐकली नाही.
बंगळूरला अकरा माणसं आली.
एक जण भिंतीला टेकून, डोळे मिटून.
आम्हाला वाटलं, लागली याला.
तो घोरत होता.
तरी त्या रात्री आम्ही जसं वाजवलं तसं
परत कधी जमलं नाही.

भांडण झालं असतं तर निदान सांगता आलं असतं.
त्रिशलाला तलाठ्याची ऑर्डर आली, जतला.
पायगोंडाचा उजवा कान गेला,
फाउंड्रीनं की आम्ही, डॉक्टर सांगेना.
महापुरात गावभागातली माझी खोली
छतापर्यंत बुडाली, उरलेल्या सीड्यांसकट.
पाणी ओसरल्यावर फावड्यानं गाळ ओढताना
एका कोपऱ्यात तो पिवळट दिसला.
का मलाच तसा दिसला, कुणास ठाऊक.

मागच्या महिन्यात मिरजेला गेलो.
इर्शाद तंबोऱ्याचा भोपळा घासत बसलेला.
वर खुंटीला ती गिटार,
धूळ, एक तार तुटकी.
बाहेर उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न मारला
आणि दहा तारा
हळू, आपल्याआपण, बोलल्या.

इर्शादनं मान वर केली नाही.
"पाचवी उतरलीय," म्हणाला,
आणि हात पुसून
स्टूल ओढलं.