वजावट

एजंटच्या कचेरीत पंखा होता.
टेबलावर कागद, कागदावर माझं नाव : तारजोनो, सुरादादी गाव.
बाईनं बोट फिरवत वाचून दाखवलं :
बावीस महिन्यांचा पगार.
वजा पासपोर्ट, वजा डॉक्टरची तपासणी,
वजा गमबूट, वजा रेनकोट,
वजा अनामत, करार पुरा केला असता तर परत मिळाली असती.
"का नाही केलात पुरा?"
खरंच कुतूहलानं विचारलं तिनं. वाईट नव्हती बाई.
मला पाणी दिलं. सीलबंद बाटली.
ती मी नुसती धरून बसलो.

जहाजावर बाटल्या वरच्या मजल्यावर असायच्या.
खाली आम्हाला यंत्रातून गाळलेला समुद्र,
त्याचा चहा केला तरी जिभेवर गंज.
कसमादीचे पाय त्या पाण्यानं सुजले की नुसत्या भातानं,
कोण सांगणार?
बोट दाबलं की खड्डा पडायचा
आणि खड्डा भरून यायचा नाही.

आम्ही ट्यूना पकडायला गेलो होतो. कागदावर तसंच आहे.
गळाला लागायच्या मुशी.
पाठीचा पर एक, बगलेचे दोन, शेपटीचा खालचा तुकडा,
आणि उरलेली अख्खी मुशी पायानं ढकलायची परत पाण्यात.
जिवंत.
मुशीला आवाज नसतो. बुडताना ती डोळे मिटत नाही.
माझा हात बसला होता. एका मुशीला
एक मिनिटसुद्धा लागायचं नाही मला.
हे मी बाईला सांगितलं नाही.
बायकोलाही नाही.

पोहणं थांबलं की तिचा श्वास थांबतो,
हे कसमादीनं सांगितलं. त्याचा बाप
तेगलच्या धक्क्यावर जाळी विणायचा, त्याला असलं माहीत.
एकदा सुरी लागताच एका मुशीनं
फळीवरच पिल्लं टाकली. वीतभर लांब, वळवळणारी,
त्यांच्यावर अजून कुणी सुरी धरली नव्हती.
कसमादी त्या फुगलेल्या पायांवर ओणवा झाला
आणि ओंजळी भरभरून टाकू लागला त्यांना समुद्रात.
मीही टाकली. तीन, चार.
त्याला पाहून टाकली, माझ्या मनात काही आलं नव्हतं.
वरून कॅप्टन बघत होता.

"आणि हा दंड," बाई म्हणाली. "दोनशे डॉलर."
कशाचा?
तिनं पान उलटून पाहिलं. "कारण लिहिलेलं नाही."

सूज छातीपर्यंत चढली त्या रात्री
कसमादी म्हणाला, मला बसवून ठेव, आडवा करू नकोस.
बसवून ठेवला. पहाटे माझ्या खांद्यावर
त्याचं डोकं जरा जास्त जड झालं.
त्याला न्हाऊ घालायला वरून सहा बाटल्या आल्या.
सहा, गोड पाण्याच्या.
आम्ही झाकणं उघडली, एकमेकांकडे पाहिलं,
आणि कुणीही एक घोट घेतला नाही.
किब्ला कुठे ते होकायंत्रावर बघून ठेवलं होतं,
पण नमाज संपेपर्यंत जहाज वळलं.
त्याला सोडला तेव्हा पायाला इंजिनचा जुना लोखंडी तुकडा होता.
त्याच दिवशी दुपारी पुन्हा गळ टाकले.

"इथे सही," बाई म्हणाली.
वजावट जाऊन जे उरलं ते पाकिटात होतं.
त्याच फाइलीत खाली कसमादीचा कागद होता, त्याच्या आईनं न्यायचा.
मी पाहिलं. रकाने तेच. त्यालाही दंड.
बाटली मी तशीच टेबलावर ठेवून आलो.

आता घरी आहे. सुमिराह तोफू तळते, मुलगी शाळेत जाते.
रात्री मात्र पडवत नाही मला.
अंग टेकलं की छातीत काहीतरी मिटत जातं,
मग उठतो, सारोंग खोचतो आणि चालायला लागतो,
मशिदीपासून मिठागरापर्यंत, परत मिठागरापासून मशिदीपर्यंत.
पहिले काही दिवस कुत्री भुंकायची.
आता मान वर करतात, बघतात, परत झोपतात.