स्टॉल

उम्म अल कुवैनला, खाडीच्या कडेला
एक तोकडी धावपट्टी आहे. मी तिथला मेस्त्री.
रोज ऊन खारफुटीच्या वर चढायच्या आत
डाव्या पंखाच्या कडेवरल्या बोटभर फटीला
धुतलेला रुमाल लावतो, रुमालाला ओठ,
आणि हवा ओढून घेतो.
पंखाच्या पोटातून सूर निघतो,
पेटीवर कुणाचं कोपर टेकलेलं राहावं तसा.
निघाला, की वहीत सही.

हा सूर वर आभाळात निघाला तर अर्थ एवढाच:
पंखाची हवेवरची पकड सुटत आलीय बाबा,
नाक खाली घाल.

मंगळवारीही निघाला होता. सही माझीच आहे.

सामेर हद्दाद. शारजात लोकांचे दात बघायचा.
एकट्याने उडायची चौथी खेप.
शिडीशी थांबून म्हणाला,
संध्याकाळी ये, तुझी ती अक्कलदाढ काढून टाकू.

शेवटच्या वळणावर वाऱ्याने त्याला पुढे ढकललं,
धावपट्टी डावीकडे राहून गेली.
तिला गाठायला त्याने वळण आवळलं,
नाक वर ओढलं, अजून जरा ओढलं.
जमीन नको तिथे दिसली की
कुणाचाही हात ओढूनच धरतो.

मी खाली पाना घेऊन उभा.
इंजिन चालू होतं.
वाळूत शिरेपर्यंत चालू होतं.
पाती पिळलेल्या धोतरासारखी वळली होती, दोन्ही;
थांबलेलं पातं असं वळत नाही.

बातमीत आलं, विमान स्टॉल झालं.
रात्रीपर्यंत अख्ख्या गावाला कळलं
की इंजिन बंद पडलं.
बकाल्यातल्या शिबूने दुधाचे पैसे घेताना विचारलं,
तेल बदललं नव्हतंस का?
न्हावी म्हणाला, छोटी विमानं म्हणजे पतंग,
बसावं तर मोठ्यात.
गुहागरहून आत्येचा फोन:
स्टॉलवर पडलं म्हणे? कसला रे स्टॉल, वड्यांचा?
खाणारे किती होते?
मी हसलो. चार दिवसांत पहिल्यांदा.
मग फोन ठेवून बराच वेळ नुसता बसलो.

गुल जमीनच्या टॅक्सीत म्हटलं, काच खाली कर.
हात बाहेर काढ. तळवा सपाट.
आता अंगठ्याकडची कड उचल.
हात वर गेला, तो हसला.
अजून उचल. अजून.
हात थरथरला आणि धपकन खाली आला.
बघ, म्हटलं, तुझी गाडी चालूच आहे की नाही?
हां भाई, समजलो, म्हणाला.
दोन सिग्नल गप्प.
मग म्हणाला, पण इंजिन बंद का पडलं?

बाराव्या दिवशी त्याची बायको आली, रीम.
हँगरच्या दारातच थांबली, उंबरा असावा तसं.
इंजिन होतं ना? तिने विचारलं.
म्हणजे, त्याच्या हातात काही नव्हतं ना?

तोंडाशी सगळं होतं:
वाकलेली पाती, वही, तो सूर,
जो त्याने ऐकलाच असणार.
इंजिनाला कुणी मागे नसतं.
दोष त्याच्यावर टाकला तर ते कुठे जाणार रडायला.

चौकशी चालू आहे, मी म्हणालो.
तिने माझ्या हातांकडे पाहिलं,
नखांतल्या काळ्याकडे,
आणि मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं.

ती गेली तेव्हा भरती ओसरत होती.
एक बगळा चिखलावर उतरला:
छाती वर, पंख उभे,
हवा मुद्दाम सोडून दिली त्याने,
वीतभर उंचीवर,
आणि पाय टेकले.

आज पहाटे पुन्हा रुमाल. पुन्हा ओठ.
गार हवा दाढेला झोंबते.
सूर निघतो.
वही उघडतो.