सातवं नाव

दर ऑक्टोबरात पेपरात यादी येते,
यंदा कोणाला किती.
मर्व्हिन ती कात्रीनं कापून फ्रीजवर लावतो
बटाट्याच्या आकाराच्या चुंबकाखाली,
आणि जेवताना घास हातात धरून वाचतो
जसे काही सगळे आमचेच जावई.

सातवं नाव कोल्बी हॅलव्हर्सन.
एक कोटी पाच लाख डॉलर.

हा सोळाव्या वर्षी आमच्या दारात आला
ज्युनिअर संघातून खेळायला, दोन हिवाळे राहायला.
त्याच्या बॅगेचा वास आधी घरात शिरला,
तो मागाहून.
संघ आम्हाला महिन्याला चारशे डॉलर द्यायचा.
त्यात हा माणूस कसा भागवायचा?
रोज सहा अंडी. मी वहीत लिहून ठेवायची,
कुणाला दाखवायला नाही,
तेवीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर बसलेय,
आकडा दिसला की हात जातो.
दोन हजार सहाशे चाळीस.

पहाटे साडेचारला मोटार सुरू करायची,
बाहेर उणे अडतीस,
नाकातले केससुद्धा कडक.
तो शेजारी बसून पेंगायचा,
गुडघ्यांमध्ये काठी, ओठावर कालचं दूध.

इतिहास त्याच्या डोक्यात शिरत नसे.
मी भांडी घासता घासता मोठ्यानं वाचायची,
तो टेबलावर गाल टेकून ऐकायचा.
बावन्न मार्क पडले.
त्याची आई फोनवर रडली, उपकार म्हणाली.
मी म्हटलं, अहो, बावन्नच आहेत.

मर्व्हिननं पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला:
ब्याऐंशी सामने, सामन्याला वीस मिनिटं बर्फावर,
म्हणजे सेकंदाला एकशे सहा डॉलर.
त्याचा एक सेकंद
म्हणजे माझी जवळजवळ एक पाळी.
त्यांच्याकडेही पाळीच म्हणतात,
पंचेचाळीस सेकंदांची.
एवढ्या वेळात मी
एका गिऱ्हाइकाची कोबी वजन करते.

नोव्हेंबरात कुणाचं तरी कोपर लागलं.
टीव्हीवर तेच तेच दाखवत राहिले,
मी भाजी चिरत होते, पाठ करून उभी राहिले.
डोकं आपटलं तरी काठी हातातून सुटली नव्हती,
हे मर्व्हिननं सांगितलं.

तेव्हापासून तो खोलीत, पडदे ओढून.
पगार चालू आहे.
गल्ल्यापाशी लोक म्हणतात, काय नशीब,
लोळून कोटी!
मी सुटे पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवते.

फेब्रुवारीत रात्री स्वयंपाकघरातला फोन वाजला,
तो जुना, वायरचा.
"बर्निस, काहीतरी वाच ना."
दिवा नको, पडदा नको, पुस्तक नको,
डॉक्टरनं सगळंच काढून घेतलंय.
आवाज चालतो. हळू असला तर.

वायर पोचेल तिथवर फक्त फ्रीज.
मी यादी वाचायला लागले,
पाढे म्हणावेत तशी, एका सुरात,
पहिला, त्याचे इतके. दुसरा, त्याचे इतके.
सहावा झाला.
मी आठवा वाचला.

पलीकडे श्वास थांबला, मग,
"सातवा गाळलास."
मी म्हटलं, कागद तिथं दुमडलाय.
"बर्निस."
वाचला मग. शून्यं एकेक करून, बोट ठेवून.
"परत," तो म्हणाला. "आकडा नको.
नुसतं नाव."

ते तीनदा वाचलं. मग पुढचे.
विसाव्यापाशी कळलं, पोरगं झोपलंय.
दातांच्या फटीतून शीळ येते त्याच्या,
तशी यायला लागली,
दात आता नवे बसवलेत तरीसुद्धा.

फोन त्यानं लावलेला, बिल त्याचं.
तरी मी घड्याळ पाहिलं.
एक तास चाळीस मिनिटं
रिसीव्हर कानाला, पाय फरशीवर गार.
मर्व्हिन उठून आला, दारात उभा राहिला,
कोण आहे म्हणाला.
मी म्हटलं, हळू बोल.