तिसरी पायरी

पत्र लिहायला बसले
तेव्हा आधी माझंच नाव लिहिलं, पूर्ण:
गॉबनिट क्रीडन, घरमालकीण,
कॉर्क शहर, उत्तरेकडचा चढ, घर क्रमांक एकोणीस.
मग त्याचं लिहिताना अडले.
तीन वर्षं नुसतं वाल्देमिर.
आडनाव बँकेच्या पाकिटावर यायचं,
पायपुसण्यावर पडायचं,
मी उचलून जिन्यावर ठेवायचे, पालथं.

वकील म्हणाला, तुमचं प्रकरण सोपं आहे.
मालक त्याच छताखाली राहत असेल
तर वरच्या खोलीतला माणूस भाडेकरू नव्हेच.
मग कोण?
परवानगीने राहणारा, म्हणाला,
आणि परवानगी तुमच्या तोंडात असते.
थोडी मुदत द्या, म्हणजे झालं.

बहीण फोनवर: ओसरी दिलीस ना, आता बघ पाय.
पण त्याने पाय कुठे पसरले होते?
फ्रिजचा खालचा कप्पा, त्यातलाही कोपरा.
रविवारी काळ्या घेवड्याचं पातेलं,
तेही खिडकी उघडून, मला वास नको म्हणून.
मटणाच्या कारखान्यातून यायचा
तो बूट बाहेरच काढून.
आंघोळ सात मिनिटं.
(मोजायचे मी. गरम पाणी माझं.)
आणि तरी मी माझ्याच स्वयंपाकघरात
फोनवर हळू बोलायला लागले होते,
माझ्याच न्हाणीघराचं दार आधी वाजवायला.
तो मला बिचकून, मी त्याला बिचकून,
एका घरात दोन चोर
आणि चोरायला काहीच नाही.

मार्चमध्ये चार दिवस बहिणीकडे गेले.
परत आले त्या रात्री
वरचा दिवा लागला, म्हणजे तो चढून गेला होता,
पण तिसरी पायरी बोलली नाही.

ती पायरी माझ्या आधीपासून करकरते.
वडील पिऊन आले की आईला तीच सांगायची.
नवरा पेटी घेऊन उतरला त्या पहाटेही
ती बोलली होती,
उठले नव्हते ती मी.

सकाळी वाकून पाहिलं:
दोन नवे स्क्रू, खालून ठोकलेली पाचर,
कडेला घासून गुळगुळीत केलेलं लाकूड.
काम छान होतं. त्याचाच जास्त राग आला.
कुणाला विचारून?

तो म्हणाला, तुमची झोप मोडायची.
पहिली दोन वर्षं मी ती ओलांडून चढायचो.
हिवाळ्यापासून गुडघा ऐकत नाही.

आणि मी समजत होते
की हिवाळ्यापासून हा धीट झाला.

घराची कागदपत्रं काढली त्या दिवशी,
बिस्किटांच्या डब्यातून, आईच्या सहीची.
भिंती आहेत त्यात, छप्पर आहे,
मागच्या अंगणातली दोन फुटांची बोळही आहे
जिच्यावरून शेजाऱ्याशी अकरा वर्षं भांडण चाललं.
करकर कुठेच नाही.
आणि त्याचे तीन वर्षांतले ते सगळे ओलांडणे,
त्यांची नोंद तरी कुठल्या कार्यालयात?

पत्र पुरं केलं. मुदत तीस दिवस.
घडी घातली, उलगडली,
तीसचे साठ केले, खाडाखोड दिसते म्हणून
नव्या कागदावर परत तीस लिहिले.
मग पेचकस घेऊन जिन्यावर गेले.
रात्रीचे साडेअकरा.
म्हटलं, तो राहो की जावो,
माझी पायरी मला परत पाहिजे.

पहिला स्क्रू सहज निघाला.
दुसरा अडून बसला,
तो निघेपर्यंत वरचं दार उघडलं.
तो जिन्याच्या टोकाशी, हातात रिकामा मग,
एका हाताने कठडा धरलेला.
मी तिसऱ्या पायरीवर बसलेले, वाट अडवून,
शेजारी पाकीट, त्यावर त्याचं आडनाव,
पहिल्यांदाच सुलटं.

खाली यायचंय, तो म्हणाला. येऊ का?

दोन्ही स्क्रू मी तोंडात धरले होते.
उत्तर देता येईना.