ओव्यासारखं काहीतरी

लॉन ही मुलाची हौस.
तो बंगळूरला गेला, लॉन इथंच राहिलं,
दर रविवारी वाढत.

मशीन मी ढकलायचो. गुडघे करकरायचे,
चाकं करकरायची, ग्रीस दोघांनाही पुरेना.
नळाला पाणी आठवड्यातून एकदा.
पिंपातलं पाणी गवताला घातलं की
प्रमिला काही बोलायची नाही,
फक्त बादली जरा मोठ्यानं ठेवायची.

शेवटी मशीन भंगारात दिलं.
देण्याआधी चाक उलटं करून बघितलं:
कास्टिंग उद्यमबागेतलंच. पॅटर्न माझाही असेल.
बत्तीस वर्षांत लाकडाचे इतके साचे केले
की आपलंच काम आता ओळखू येत नाही.

जांबोटी रोडच्या नर्सरीतून थाइम आणलं,
काळ्या पिशव्यांत, चिमूटभर एकेक. चाळीस रोपं.
नर्सरीवाला भरमा म्हणाला,
"एकदा धरलं की विसरून जावा काका.
कापाय नको, खत नको.
फकस्त बूड भिजत ठेवू नका."
बेळगावात! बूड भिजत ठेवू नका!
इथं श्रावणात चपलांच्या पट्ट्यांवर बुरशी येते.

पहिली चाळीस कुजली.
तांबड्या चिकट मातीत, काळी पडून, मुकाट.

मग मी तसा कामाला लागलो
जसा नवं ड्रॉइंग टेबलावर आलं की लागायचो.
वीतभर माती उपसली, क्रशरची कच मिसळली,
गटाराकडं उतार दिला, फुटाला पाव इंच,
लेव्हल लावून.
आणि दोन रोपांत एक वीत सोडली.
साच्याचं गणित उलटं असायचं:
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड मापाहून किंचित थोरलं ठेवायचं.
जन्मभर आकसण्याचा हिशेब केला.
पसरणाऱ्याचा
पहिल्यांदाच करत होतो, सत्तरीला टेकून.

बिनकष्टाचं म्हणतात
त्यात पहिलं वर्ष धरत नाहीत.
अंगणभर नुसते रांगोळीचे ठिपके, रेषा काढायला कुणी आलंच नाही.
हरळी मात्र हौसेनं आली.
मी पाटावर बसून एकेक काडी उपटायचो,
तारेपलीकडून नीलगंगव्वा म्हणायच्या,
"काय करुलालाय हो, केस मोजुलालाय काय?"

दुसऱ्या फाल्गुनात ठिपक्याला ठिपका लागला.
जांभळी फुलं, मोहरीएवढी,
आणि माश्या, कुठल्या कुठून.
एक फांदी तारेखालून त्यांच्या तुळशीपर्यंत गेली.
मी कात्री घेऊन गेलो, माफी मागायच्या बेतानं.
त्यांनी पान चुरगाळलं, नाकाशी नेलं.
"ओम इद्दंग ऐति," म्हणाल्या,
आणि त्याच दमात इकडून प्रमिला,
"ओव्यासारखं आहे नाही?"
ओम. ओवा.
दोघी मग तिथंच बोलत राहिल्या,
कुणी कुठल्या बाळंतपणात किती ओवा चावला,
कुणाची सासू मोजून द्यायची.
मी कात्री घेऊन उभा.
फांदी आहे तिथंच आहे.

रोज तुडवलेलं त्याला सोसत नाही,
म्हणून दूधवाल्याच्या वाटेवर
शहाबादीचे पाच तुकडे बसवलेत.
त्यातल्या एकावरही तो पाय देत नाही.
सकाळी बेल वाजायच्या आधी वास येतो,
आणि प्रमिला पातेलं घेऊन उठते.

एक चौकोन मात्र भरत नाही.
मशीन उभं असायचं तिथला, ऑइल प्यालेला.
तीनदा रोपं लावली, तीनदा गेली.
आता नाद सोडलाय.

परवा मुलगा आला. "बाबा, लॉन कुठाय?"
म्हटलं, चपला काढ आधी.
काढल्या, आणि फोन कानाला लावून
नेमका त्या चौकोनातच जाऊन उभा राहिला.

म्हटलं, अरे, जरा इकडं सरक.