जवळजवळ

पेट्रोलचा काटा तांबड्यात शिरला
म्हणून वळलो, नाहीतर कोण वळतं.
नॉर्थ डकोटाचा तो पट्टीनं आखलेला रस्ता,
दोन्हीकडे सूर्यफुलं, सगळी पूर्वेला तोंड करून,
आणि आम्हीही पूर्वेलाच चाललेलो,
त्यामुळे तीन तास नुसत्या त्यांच्या पाठी.

मग पाटी. ऑलमोस्ट. लोकसंख्या एकसष्ट.
‘हे नाव आहे की कबुली?’ चारुता म्हणाली,
आणि फोनमधली बाई, अगदी गंभीरपणे :
तुम्ही ऑलमोस्टला पोचला आहात.
इतक्या हसलो की गाडी खडीवर गेली.

पंप एकच. पैसे आत, कॅफेत द्यायचे.
गल्ल्यावर लव्हॉन ट्वाइट, मनगटाला केसांचं रबर.
आमच्या तोंडावर हसू उरलं होतं थोडं,
तिनं ते ओळखलं,
रोज दारातून आत येणारी धूळ ओळखावी तसं,
आणि काही न बोलता कॉफी ओतली.

नाव असं का पडलं?
खिडकीपाशी बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेला हार्लन म्हणाला,
रूळ टाकणाऱ्यांचा आचारी रोज विचारायचा, आलं का?
रोज एकच उत्तर.
मग पैसे संपले, रूळ संपले,
उत्तर तेवढं मागे राहिलं.
‘त्याचं ऐकू नका,’ लव्हॉन म्हणाली, ‘तो इथला नाही.
बहात्तर साली आलाय.’

तिनं वेगळंच सांगितलं.
धाकटा भाऊ कर्टिस सैन्यात गेला.
पहिल्याच दिवशी सार्जंट : कुठला तू?
ऑलमोस्ट, सर.
सार्जंट वाट बघत उभा,
वाक्य पुरं व्हायची.
मग चाळीस जोर.
पुन्हा प्रश्न, पुन्हा तेच, पुन्हा चाळीस.
‘तिसऱ्यांदा त्यानं मायनॉट म्हणून सांगितलं,
आणि आता तेच सांगतो सगळ्यांना.
बायकोलासुद्धा.’
हार्लननं टोपी काढली, पुन्हा घातली.

मी मनातल्या मनात मराठी करून पाहिलं : जवळजवळ.
एकदा जवळ म्हटलं की माणूस हाताशी असतो,
दोनदा म्हटलं की हुकतो.
कुणी केलं असेल हे,
आणि कुणाची वाट बघताना?

पोस्ट ऑफिस दुपारी दोनच तास.
आर्डिस नावाची बाई, गळ्यात दोरीला चष्मा.
पोस्टकार्डावर धान्याचं उंच कोठार
आणि त्यामागे आभाळ. आभाळच जास्त.
‘लांबून येतात लोक शिक्क्यासाठी,’ ती म्हणाली,
‘लग्नाची आमंत्रणं घेऊन. घटस्फोटाचे कागद घेऊनही.
मी वाचत नाही. वजन करते.’

एक कार्ड घेतलं. पुष्करचा पत्ता लिहिला,
पिनकोडसकट पाठ होता अजून.
डावी बाजू कोरी.
चार वर्षांत तीनदा फोन हातात घेतला होता,
तीनदा खाली ठेवला.
पेन टेकवलं तर नुसता ठिपका उमटला,
वाक्य संपल्यावर देतात तसा.
आर्डिसनं घड्याळाकडे पाहिलं.
कार्ड तसंच पुढे सरकवलं.
वाचत नाही म्हणणारी ती,
तिनंही उलटसुलट करून पाहिलं.
‘काही राहिलं?’
‘हो.’
तिनं शिक्का दोनदा मारला,
पहिला फिका उठला म्हणून.

बाहेर पडताना पाटीची मागची बाजू दिसली :
कोरा पत्रा, छर्ऱ्याचं एक भोक,
भोकात रुपयाएवढं ऊन.
‘टाकी पूर्ण भरलीस ना?’ मी विचारलं.
‘जव...’ चारुता म्हणाली, आणि थांबली.
मग बराच वेळ दोघी काहीच बोललो नाही.
पुन्हा सूर्यफुलं. पुन्हा पाठी.